सुटा गूळ

दसऱ्याला दुकान उघडलं तेव्हा मी गुळाची एक अख्खी ढेप चौरंगावर मांडली होती. चौरंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, म्हणजे मुंग्या चढायला नकोत. दिवाळी आली आणि गेली, थंडी पडली, तुरीच्या शेंगा भरल्या, तरी ढेप होती तशीच. वाट्यांतलं पाणी मी रोज सकाळी बदलायची आणि रोज सकाळी माझं डोकं फिरायचं.

दुकान दारव्ह्याच्या जुन्या ओळीत आहे, म्हणजे गावाच्या अगदी पोटात. माझ्या लहानपणी इथे कापडाची, भांड्यांची, किराण्याची दुकानं एकमेकांना खेटून होती. बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची. मग गाड्या वाढल्या, त्या उभ्या करायला जागा लागू लागली, आणि दुकानं एकेक करत यवतमाळ रोडला जाऊन बसली. ओळीत उरली घरं, आणि घरांत बहुतेक म्हातारी माणसं. पावशेर साखर आणायची तरी ऑटोला हात करायचा, मार्टात ती ढकलगाडी धरून फिरायचं आणि परत ऑटो शोधत उन्हात उभं राहायचं. मी ओळीच्या मागच्या वस्तीत राहते, त्यामुळे हे रोज डोळ्यांसमोर होतं. बचत गटात हळद-तिखट दळून आठवडी बाजारात विकायचा मला चांगला सराव होता. म्हटलं, ओळीला दुकान पाहिजे आणि मला दुकान टाकायचं आहे, मग अडतंय कुठे?

अडत होतं. आम्ही बौद्ध आहोत. ओळीतली माणसं कोण, ते मी लिहीत नाही. दारव्ह्यातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला अंदाज येतोच.

गाळा ज्यांचा, त्या काकू मागच्या खोल्यांत एकट्या राहतात. याच गाळ्यात त्यांच्या यजमानांचं किराणा दुकान होतं, ओळीतलं सगळ्यात मोठं. यजमान गेल्यावर मुलाने ते उचलून यवतमाळ रोडला नेलं. तिथला तो मार्ट त्याचाच. काकू मात्र इथून हलल्या नाहीत, आणि मायलेकांचं तेव्हापासून धड बोलणं नाही. मी गाळा मागायला गेले तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बराच वेळ गुडघे चोळले आणि मग तोंड उघडलं.

"पोराले हा गाळा गोदामासाठी पाह्यजे. संक्रांतीपर्यंत थांब म्हटलं मीनं त्याले. तोवर तू पाह्य करून. ओळीतल्या बाया इथं सामान भराले लागल्या तं दुकान तुह्यं. नाही तं चाबी त्याच्या हातात देऊन देईन, मंग माह्याजवळ रडाले येजो नको."

"नाही येत," मी म्हटलं.

काकूंनी नाही, त्यांच्या गुडघ्यांनी मला गाळा दिला, असं मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो. तेव्हा हसायला येत होतं.

उघडलं तो दिवस ओळीचा दसरा आणि आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. दाराला झेंडूचं तोरण होतं, गल्ल्याच्या वर बुद्धाची तसबीर होती. "तसबीर थोडी आत लावू काय?" असं नवरा विचारत होता, मी ऐकलं नाही. आणि खोटं कशाला सांगू, गिऱ्हाईक आलं. साबण, अगरबत्ती, बिस्किटाचे पुडे, चहाची पाकिटं यांना मरण नव्हतं. समोरच्या घरच्या वहिनी तर दिवसातून दोनदा यायच्या. बोलायला मोकळ्या, हसायला त्याहून मोकळ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं,

"गूळ हाय काय वो?"

"हाय नं वहिनी. ढेप नवी हाय. किती फोडू?"

"तसा नको. पाकिटातला नाही काय?"

"तो बी हाय."

"मंग तोच दे. सुट्यावर कसं, धूळ बसते नं."

धूळ! माझी ढेप धुतलेल्या मलमलीखाली होती आणि मी स्वतः तिच्या उशाशी बसलेली होते. पण वहिनी हसून बोलल्या होत्या, म्हणून मीही हसून पाकीट दिलं.

हळूहळू मला त्यातला कायदा कळला. तांदूळ, गहू, तुरीची डाळ सुटी चालायची, कारण ती घरी नेऊन धुतात, शिजवतात. जे दळलेलं आहे किंवा माझ्या हाताने काढून दिल्यावर तसंच तोंडात जाणार आहे, ते चालत नव्हतं. फुटाणे, शेंगदाणे, खोबरं, खारीक, बेसन, गूळ, हे सगळं पाकिटातलंच हवं. तोंडावर कोणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, मी तिथल्या तिथे सुनावलं असतं. "आज नको", "घरी आहे थोडं", "धूळ बसते". याला काय उत्तर देणार? आठवड्याच्या बाजारात माझं तिखट याच बायांनी कितीदा नेलं असेल. पण तिथे माल जमिनीवर असतो, माणसांची घाई असते, विकणारी कोण कुठली हे पाहायला फुरसत कोणाला? इथे तसबीर होती आणि फुरसतही होती.

किराणा दुकान सुट्या मालावर जगतं. पाकिटावर जे सुटतं ते पाकीटवाल्याला सुटतं. फुटाणे सादळले, खोबऱ्याला वास यायला लागला, आणि माझा जीव वरखाली व्हायला लागला.

माझा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो. शांत माणूस. त्याचा शांतपणा कधीकधी मला सहन होत नाही. दिवाळीच्या आधी त्याने कुठून तरी पिशवीचं तोंड चिकटवायचं छोटं मशीन आणलं आणि घरी बसून सगळं बेसन पाकिटांत भरलं. मला म्हणाला, माल आलाय, ठेव पुढे. मी ठेवला. बघता बघता सगळं बेसन संपलं. वहिनींनी तर कौतुक केलं.

"हे बरं केलं तुनं. कंपनीचा माल ठेवला. बंद असला का मन लागते."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी नेमकं कळलं.

घरी गेल्यावर मी भांडले. तो म्हणाला, "अवं, बेसन तेच, हात तेच. त्याईचंही राह्यलं, आपलंही राह्यलं. बिघडलं काय?"

"माह्या हाताले पिलास्टिक चढवून विकू काय मी?"

"मंग दुकान बंद करू काय?"

मशीन मी दुकानातल्या माळ्यावर टाकून दिलं. ते तिथे आहे हे मात्र आम्हा दोघांनाही दिवसभर आठवत राहायचं.

मार्गशीर्ष संपता संपता काकूंचा मुलगा आला. माझ्याशी एक शब्द नाही. फीत काढून त्याने गाळ्याची लांबी मोजली, रुंदी मोजली. गल्ल्याच्या मागे मापायचं होतं म्हणून मला हाताने 'जरा सरका' अशी खूण केली. मी सरकले. त्या सरकण्याचा मला आजही राग येतो. जाताना तो चौरंगापाशी थांबला, फडकं उचलून अख्खी ढेप पाहिली आणि किंचित हसला. दुकानदाराचाच मुलगा तो, न फुटलेल्या ढेपेचा अर्थ त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

नवरा म्हणायचा, एका ढेपेचं काय घेऊन बसलीस, देऊन टाक वस्तीत कोणाला. त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

माझं माहेर बोरी अरब. वडील बाजाराच्या दिवशी दारव्ह्याला यायचे, कधी मला आणायचे. किराणा ते याच दुकानातून घ्यायचे, कारण इथला माल चोख. या दुकानाची एक रीत होती. शेठजी, म्हणजे काकूंचे यजमान, ढेप फोडायचे तेव्हा गिऱ्हाइकासोबतच्या लेकराला एक खडा द्यायचे, तळहातावर. लेकरं त्यासाठीच हट्ट करून बाजाराला यायची. माझ्या पुढच्या लेकराला मिळाला, म्हणून मीही हात पुढे केला. शेठजींनी वर्तमानपत्राचा तुकडा फाडला, खडा त्यावर ठेवला आणि कागद गल्ल्याच्या कडेपर्यंत लोटून दिला. मी खुशीत खाल्ला. कागदही चाटला. वडिलांनी तो कागद माझ्या हातातून घेतला, घडीवर घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. पुढे कधी ते त्या दुकानाची पायरी चढले नाहीत, आणि का नाही हे मला बऱ्याच मोठेपणी उमगलं.

तर ही ढेप त्या गाळ्यात, त्याच जागी ठेवलेली होती. माझ्यासाठी प्रश्न गुळाचा नव्हता.

भोगीचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी संक्रांत, घरोघर तिळगूळ व्हायचा. सकाळपासून बाया येत होत्या, आणि दुपारच्या आत पाकिटातला गूळ संपला. नंतर आल्या त्यांना मी म्हटलं, पाकीट नाही, ढेप आहे, हवा तेवढा घ्या. एक म्हणाली, "पाहतो घरी विचारून." दुसरी ढेपेकडे पाहतच राहिली, मग तिला काहीतरी आठवलं आणि ती गेली. वहिनी आल्या, ऐकलं, आणि पहिल्यांदाच हसल्या नाहीत. आपल्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. ओळीच्या टोकाला दोघीतिघी मिळून ऑटो ठरवत होत्या. मार्टाला जायचं, पण माझ्या हातचा खडा न्यायचा नाही.

नवरा जेवायच्या सुट्टीत आला आणि त्याने सगळं पाहिलं. स्टूल घेतलं, माळ्यावरचं मशीन काढलं, फुंकून धूळ उडवली.

"शटर ओढून घे. ढेप फोडू, पाकिटं भरू. माल आला म्हणून सांगजो. कोणाले काय समजते?"

"मले समजते नं."

"उद्या संक्रांत हाय. तो चाबी घ्याले येईन."

"येऊ दे. देऊन देऊ चाबी."

बोलून तर गेले. चावी द्यायची नव्हती मला. त्या गाळ्यातली प्रत्येक फळी मी पुसलेली होती, बरण्या मी लावल्या होत्या, सकाळी शटर वर करताना होणारा आवाजसुद्धा मला माझा वाटायला लागला होता. नवऱ्याने मशीन गल्ल्यावर ठेवलं. त्याची वायर लोंबत होती. आम्ही दोघंही तिच्याकडे पाहत बसलो.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. हे दार काकूंच्या स्वयंपाकघरात उघडतं. काकू उभ्या होत्या, हातात पितळी डबा.

"अर्धा किलो दे. ढेपेतला दे. पाकिटातला मले नाही चालत, त्याले चवच नाही."

मी फडकं उचललंसुद्धा. आणि मग माझ्या लक्षात आलं की काकू कुजबुजत बोलत होत्या.

"काकू, इकून काहून?"

"गुडघे वो."

"गुडघ्यासाठी मीच घरात आणून देतो नं. पण असं हळू काहून बोलून राह्यल्या?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून पुढच्या दाराकडे पाहिलं. "बाहेर बाया उभ्या हायत. उगाच कायले चर्चा? दे लवकर."

नवरा माझ्याकडे पाहत होता. दे, दे, असं त्याचे डोळे म्हणत होते. गाळ्याची मालकीण ढेपेतला गूळ मागते आहे, आणखी काय पाहिजे? मी फडकं परत ढेपेवर टाकलं.

"पुढून या काकू."

"काय म्हणून राह्यली तू? मालकीण हाव मी ह्या गाळ्याची."

"म्हणूनच म्हणतो. पुढून या."

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "ह्याईनं ह्या दुकानातून कधी कोणाले वापस नाही लावलं. लहान लेकरू आलं तं खडा हातावर ठेवल्याबिगर जाऊ नाही देलं. आन तू मले..."

"मले कागदावर देलता."

"काय?"

"कागदावर ठेवून लोटून देलता. मी पोट्टी होतो, बापासंगं बोरीहून आलतो."

हे मी इतक्या वर्षांत कोणाला बोलले नव्हते. काकूंनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मग दार ओढून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

झालं, मी म्हटलं. गेलं दुकान. नवऱ्याने मशीनची वायर गुंडाळली आणि ते स्टुलाखाली ठेवून दिलं. मी गल्ल्यावर बसून राहिले. रडू येत होतं, पण समोर वहिनी उभ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर रडायचं नाही एवढं मी पक्कं ठरवलं होतं.

काकूंच्या घराचं खरं दार मागच्या बोळात आहे. तिथून ओळीत यायचं तर सगळा बोळ चालायचा, मारुतीच्या देवळाला वळसा घालायचा आणि मग ओळीतून खाली यायचं. गुडघे गेल्यापासून त्या हे चालल्याच नव्हत्या. म्हणून देवळाच्या कोपऱ्यावर त्या दिसल्या तेव्हा आधी मला ओळखूच आल्या नाहीत. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तो पितळी डबा. दोन पावलं टाकायच्या, थांबायच्या. बाया एकेक करत ओट्यांवर आल्या. वहिनी खाली उतरून हात द्यायला गेल्या, काकूंनी काठीनेच त्यांना बाजूला केलं. नवरा उठला, त्यालाही त्यांनी लांबूनच बस म्हणून खुणावलं. काठी फरशीवर टेकल्याचा आवाज तेवढा येत होता. त्या कशाला येताहेत, गुळाला की चावीला, हे मला कळत नव्हतं.

त्या पायरीशी आल्या, धापा टाकत उभ्या राहिल्या आणि साऱ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ढेप फोड."

ढेप इतक्या दिवसांत वरून काळी आणि टणक झाली होती. पहार पहिल्यांदा घसरली. दुसऱ्यांदा मी राग घालून मारली, तेव्हा ती तडकली. आतला गूळ पिवळाधमक, ओलसर, नुकता आणल्यासारखा. वास पार रस्त्यापर्यंत गेला. मी अर्धा किलो तोलला, डब्यात भरला, डबा पुढे सरकवला. काकूंनी त्याला हात लावला नाही. त्यांनी आपला उजवा तळहात गल्ल्यावर उताणा ठेवला.

"अन् खडा?"

रीत साऱ्या ओळीला ठाऊक होती. काकूंना साखरेचा आजार आहे, हेही साऱ्या ओळीला ठाऊक होतं.

"काकू, तुम्हाले साखर हाय."

"मले काय हाय ते तू सांगशीन काय? दे."

मी खडा तोडला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. माझी बोटं त्यांच्या हाताला लागली. हात थंड होता. त्यांनी खडा तोंडात टाकला, एका गालातून दुसऱ्या गालात फिरवला आणि सावकाश चघळत राहिल्या. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. शेवटी त्या ओट्यांकडे वळल्या.

"आता पाहून काय राह्यल्या वो? मी मेली तं हिच्या गुळानं मेली म्हणजा."

आधी वहिनी हसल्या, मग आणखी कोणीतरी. मला हसू आलं नाही. वहिनी पुढे आल्या, म्हणाल्या, "मले पावशेर दे." मागोमाग त्यांच्या तोंडून 'पाकि' एवढं निघालं, आणि त्या गप्प झाल्या. मी सुटा गूळ पिशवीत टाकून दिला. त्यांच्यामागून दोघी आल्या. सगळ्या आल्या नाहीत. त्या दिवशी ऑटोने गेलेल्यांपैकी एक अजूनही माझ्याकडून पाकीटच नेते आणि अजूनही धुळीचं नाव घेते. तिला मी पाकीट देते.

संक्रांतीला चावी मागायला कोणी आलं नाही. काकू मात्र मागच्या दाराने पुन्हा कधी आल्या नाहीत. गूळ लागला की मी आत नेऊन देते. त्या घेतात, आणि यजमानांचा विषय आता काढत नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी मी काळीपिवळी जीपने बोरीला गेले. वडील अंगणात बाजेवर बसले होते. मी त्यांच्यासाठी आणलेली पुडी समोर ठेवली.

"काय हाय?"

"गूळ."

"कोठचा?"

"जुन्या ओळीतल्या दुकानातला."

कोणत्या दुकानातला, ते त्यांना कळलं. ते पुडीकडे पाहत राहिले, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दुकानाच्या सवयीने मी गूळ वर्तमानपत्राच्या कागदात बांधून आणला होता. वडिलांनी पुडी सोडली, गूळ माझ्या ओंजळीत दिला, कागदाची घडीवर घडी घातली आणि तो सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"कोणं फोडला?"

"मीनंच."

त्यांनी हात पुढे केला. मी तळहातावर खडा ठेवला. ते बराच वेळ चघळत राहिले.

"जरा खारट हाय," ते म्हणाले, आणि पुन्हा हात पुढे केला.